साठ जणांनी एकदम फोन लावला तर

त्या सोमवारी सकाळी मोबाईल वाजला तेव्हा मी उठून समोरच्या हेमलतावहिनींच्या दाराला कान लावून आलो. माझा फोन सोमवारी वाजण्याचं काही कारणच नव्हतं. माझा फोन रविवारी वाजतो, सकाळी साडेनऊला. माझा मुलगा निषाद कॅनडातून "बाबा, कसे आहात? गोळ्या घेताय ना?" असं विचारतो, मी "घेतोय" म्हणतो आणि चौथ्या मिनिटाला तो "चला, ठेवू का?" म्हणतो. उरलेले सहा दिवस मी त्या यंत्रात किती वाजले ते पाहतो.

यातली गंमत परक्या माणसाला कळायची नाही म्हणून सांगतो. मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, तीही वाहतूक विभागात. वाहतूक म्हणजे ट्रक-टेम्पो नव्हे, फोनची वाहतूक. कुठल्या गावाला किती लाइनी दिल्या म्हणजे लोकांना फोन फार वेळा बिझी लागणार नाही, याचा हिशेब मांडणं हे माझं काम. साठ फोनवाल्या गावाला साठ लाइनी लागत नाहीत. गर्दीच्या तासात प्रत्येकजण एकदा, तीन मिनिटं बोलणार असेल तर आठ पुरतात, शंभरात एखाद्यालाच बिझी लागतो. असे हिशेब करून मी अर्ध्या मराठवाड्याचे फोन मोकळे ठेवले आणि निवृत्तीनंतर माझा स्वतःचा फोन असा काही मोकळा राहिला की खात्यानं नमुना म्हणून मांडून ठेवावा. दहाव्या मजल्यावरच्या पियूषनं मागे एकदा विचारलं होतं, "काका, कॉल वेटिंग ऑन करून देऊ का?" म्हटलं, राहू दे बाबा, तेवढी गर्दी नसते.

तर, तो वाजणारा फोन माझाच होता.

"सर, मी अनिमेष. रिहे गावाच्या पुढं आमचं कॉलेज आहे, तिथं गणित शिकवतो, तासिका तत्त्वावर. पियूष माझा मित्र. त्यानं तुमचा लिफ्टचा कागद पाठवला."

लिफ्टचा कागद ही माझी त्या वर्षातली एकमेव प्रसिद्ध झालेली साहित्यकृती. हिंजवडीतल्या आमच्या बावीस मजली इमारतीत निषादनं फ्लॅट घेतला, मला अंबाजोगाईहून आणलं आणि वर्षाच्या आत स्वतः कॅनडाला गेला. आमची ही त्याच्याही आधी गेली, आणखी लांब. तेव्हा वेळ जावा म्हणून मी आठवडाभर वही घेऊन लिफ्टसमोर बसलो आणि 'एक लिफ्ट कायम सातव्या मजल्यावर थांबवून ठेवल्यास रहिवाशांची सरासरी दीड मिनिटं वाचतील' असा तक्ता नोटीस बोर्डावर लावला. सोसायटीनं तो दोन तासांत काढला आणि त्या जागी 'विनापरवाना जाहिराती लावू नयेत' असा कागद लावला. मधल्या दोन तासांत पियूषनं फोटो काढला होता.

"थर्ड इयरची साठ मुलं आहेत सर. उपयोजित गणितावर अतिथी व्याख्यान हवंय. एक तास बोलाल का?"

अनिमेषच्या आवाजामागे वारा घोंघावत होता आणि कुणी बाई ओरडत होत्या, "आटपा की सर, मागं रांग हाय." कॉलेजचं कँटीन असेल असं मी समजलो. हा वारा आणि ही बाई वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

एक तास. चार वर्षांत मी कुणाशी सलग एक तास बोललो नव्हतो. मी "डायरी बघून सांगतो" म्हणालो, दहापर्यंत आकडे मोजले आणि "जमेल" म्हणालो.

जमणं इतकं सोपं नसतं. आधी एक फॉर्म आला. त्यात 'सध्याचे पद' या रकान्यात मी 'निवृत्त' लिहिलं, तर तो परत आला, कारण निवृत्त हे पद नाही. मग 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं. ते पद नसून वय आहे, असा शेरा आला. शेवटी अनिमेषनंच 'स्वतंत्र संशोधक' असं भरलं. त्यानंतर सहमतीपत्र आलं. ते मूळ सहीचं, निळ्या शाईत, आणि पोस्टानं नव्हे तर हस्ते पाहिजे होतं, म्हणून पियूषच्या मोटारसायकलवरून रिह्याला गेलं. तिसरा प्रश्न विषयाचा. मी दिलेला विषय होता 'फोन बिझी का लागतो?' कॉलेज तपासायला कुठलीशी समिती येणार होती आणि समितीच्या यादीतले शब्द विषयात असले तरच व्याख्यानाचे गुण मिळणार होते. अंतिम मंजूर विषय 'प्राचीन भारतीय ज्ञानपरंपरा, उपयोजित गणित आणि रोजगाराच्या संधी' असा निघाला. प्राचीन काळी फोन नव्हते, एवढी माझी हरकत मी नोंदवली. अनिमेष म्हणाला, "सर, बोलायचं ते बोला. विषय फक्त फाइलसाठी आहे."

तारीख तीनदा बदलली. एकदा संस्थेचे अध्यक्ष हैबतराव यांच्याकडे साखरपुडा होता, एकदा समिती येते येते म्हणून, आणि एकदा भातलावणी होती. कॉलेज ज्या खोऱ्यात आहे तिथलं एकही पोर लावणीत वर्गात सापडत नाही. मी मात्र दर वेळी आदल्या दिवशी दाढी करून बसत होतो.

आता आमची इमारत. एरवी लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता मोबाईलमध्ये बघणारी माणसं, मी भाषण करणार म्हटल्यावर सल्ले घेऊन घरी आली. हेमलतावहिनी म्हणाल्या, "बंडोपंत, पांढरा सदरा नको. फोटोत माणूस आजारी दिसतो. आणि सुरुवात विनोदानं करा." मी त्यांना माझा विनोद सांगून दाखवला. त्यांनी थोडा विचार करून "मग सुरुवात वंदनेनंच करा" असं सुचवलं. पियूष म्हणाला, "काका, फळा-बिळा आउटडेटेड. स्लाइड्स पाहिजेत." दोन रविवार बसून आम्ही सत्तेचाळीस स्लाइड्स केल्या. त्यातल्या एकोणतिसाव्या स्लाइडवर टेलिफोन उड्या मारत यायचा. ते दोन रविवार फार छान गेले. पियूषची बायको किमया पोहे द्यायची आणि माझ्याही घरात पूर्वी रविवारी पोहे होत असत, याची मला आठवण व्हायची. मी ते बोललो नाही, स्लाइडकडे बघत राहिलो.

तालीम गच्चीवर. पाण्याच्या टाक्यांसमोर उभा राहून मी हातवारे करत बोलायचो. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीचा बिहारी वॉचमन सकाळी घरी जाताना जिन्यात उभा राहून माझं ऐकत होता. जवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "अंकल, उधर से कोई बोल नहीं रहा क्या?" त्याला वाटलं मी कानात यंत्र घालून फोनवर बोलतोय. मी म्हटलं, नाही रे, मी एकटाच बोलतोय. त्यानं मान हलवली आणि त्या दिवसापासून तो मला न चुकता नमस्कार करू लागला.

व्याख्यानाचा गाभा म्हणजे एक प्रयोग होता. साडेअकराच्या ठोक्याला साठही मुलांनी माझा नंबर लावायचा. एकाचा लागणार, एकोणसाठ जणांना बिझी. मग मी विचारणार, असं होऊ नये तर किती लाइनी लागतील? आणि तिथून गणितात शिरायचं. कागदावर हा प्रयोग निर्दोष होता. खरं सांगायचं तर त्यातल्या गणितापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची ओढ होती. साठ माणसं एका क्षणी माझा नंबर लावणार होती. माझा फोन बिझी लागणार होता. म्हातारपणी माणसाला असले लोभ सुटतात आणि ते कबूल करायची लाजही वाटते.

शनिवारी अनिमेष मला न्यायला मोटारसायकल घेऊन आला. कॉलेजनं गाडी पाठवायचं ठरवलं होतं, पण ती गाडी हैबतरावांची आणि हैबतराव तिच्यात बसून आधीच गेले होते. मी मागे बसलो, काखेत तक्त्यांची गुंडाळी. हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या कॅबच्या मधोमध आम्ही पंचवीस मिनिटं उभे होतो. मी अनिमेषला रांगेचं गणित समजावून सांगू लागलो तर त्याला हेल्मेटमुळे ऐकू येईना. माण गाव ओलांडल्यावर गाडी सुटली आणि घोटावड्याच्या अलीकडे वाऱ्यानं माझा एक तक्ता भाताच्या खाचरात नेऊन टाकला. खाचरात उभ्या असलेल्या आजोबांनी तो उचलला, उलटा धरून निरखून पाहिला आणि बांधावर ठेवला. आम्हाला उशीर झाला होता, थांबलो नाही.

कॉलेज डोंगराच्या कुशीत, तिन्ही बाजूंनी चढ, वर पत्रे. दारात फ्लेक्स. त्यावर हैबतरावांचा फोटो पुरुषभर उंच आणि माझा आधारकार्डावरचा. आधारकार्डावरच्या फोटोत मी जसा दिसतो तशा माणसाला कुणी व्याख्यानाला बोलवणार नाही, जामीन राहायलाही बोलवणार नाही.

कार्यालयात अनिमेष सह्या घेत असताना टेबलावर एक गठ्ठा दिसला. 'विद्यार्थी अभिप्राय' असं वर छापलेलं होतं. साठ फॉर्म, साठही भरलेले. 'व्याख्यान अतिशय उपयुक्त होते.' 'सरांनी सोप्या भाषेत सांगितले.' खाली कार्यक्रमाचा अहवालही टाइप करून तयार होता. 'विद्यार्थ्यांनी शंका विचारल्या व व्याख्यात्यांनी त्यांचे समाधान केले. टाळ्यांच्या गजरात कार्यक्रमाची सांगता झाली.' मी अनिमेषकडे पाहिलं. तो बिचारा लाल झाला. "सर, समितीला सोमवारी फाइल द्यायचीय. नंतर मुलं सापडत नाहीत." माझं व्याख्यान यशस्वी झालेलं होतं. आता फक्त ते द्यायचं बाकी होतं.

पण माझी पाळी यायला अवकाश होता. आधी सत्कार. त्या खोऱ्यात सत्काराशिवाय काही सुरू होत नाही आणि एकाचा केला की शेजारच्याचा राहून चालत नाही. सरपंच, माजी सरपंच, दूध डेअरीचे चेअरमन, ज्यांच्या जागेतून कॉलेजचा रस्ता जातो ते गृहस्थ, सगळ्यांना फेटा, शाल, श्रीफळ. मला फेटा बांधला तो कानांवरून, इतका घट्ट की सगळा कार्यक्रम मला विहिरीतून ऐकू आल्यासारखा येत होता. मग हैबतराव दोन शब्द बोलायला उठले.

"पोरांनो, गनित म्हंजी काय? गनित म्हंजी गुंठा. तेहतीस बाय तेहतीस. एक हजार एकोननव्वद फूट. आता मला सांगा, जमीन उताराची असंल तर चढावरनं टेप धरायची का आडवी धरायची?"

सगळा वर्ग जागा झाला. टेप चढावरून धरली तर जमीन जास्त भरते आणि आडवी धरली तर कमी. विकणारा कशी धरतो, घेणारा कशी धरतो आणि मोजणीदार कुणाकडे चहा पितो, हे हैबतरावांनी पन्नास मिनिटं असं काही रंगवून सांगितलं की मीसुद्धा विहिरीतून टाळ्या वाजवल्या. उपयोजित गणितावर इतकं चांगलं व्याख्यान मी ऐकलेलं नाही. ते माझं नव्हतं, एवढंच त्यात वाईट होतं.

ते बसले तेव्हा बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती आणि मुलांची एस.टी. साडेबाराला. शिवाय वीज गेलेली, म्हणजे सत्तेचाळीस स्लाइड्स आणि उड्या मारणारा टेलिफोन पियूषच्या पेन ड्राइव्हमध्ये शांत झोपलेले. वंदना, विनोद, सगळं सोडून मी सरळ खडू घेतला, फळ्यावर माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला आणि म्हणालो, "मुलांनो, मोबाईल काढा. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी हा नंबर लावायचा."

मोबाईल काढायला सांगणारा प्राध्यापक त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा. पटापट साठ मोबाईल निघाले. मी माझा फोन उंच धरला. एक, दोन, तीन.

काहीच झालं नाही. साठ चेहरे मोबाईलकडे, मी माझ्या मोबाईलकडे. पत्र्यावर कुठलासा पक्षी चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. मी पुन्हा "तीन" म्हणालो, जरा मोठ्यानं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. तिचं नाव वैष्णवी, हे मला नंतर कळलं.

"सर, हितं रेंज न्हाई. कुनालाच न्हाई."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आमाला वाटलं, तुमाला म्हाईत आसंल. तुमी टेलिफोनमदलं ना."

हशा पिकला. खराखुरा, मनापासून. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसानं व्याख्यानाला जाताना, तिथे फोन लागतो का, एवढं विचारलं नव्हतं. सत्तेचाळीस स्लाइड्स केल्या, तीन वेळा दाढी केली, पण हा एक प्रश्न मला सुचला नाही. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला आणि सगळा वर्ग उठला. मी फळ्यावरचा माझा नंबर पुसला. कुणाला तो नको होता, तर तिथं राहून उपयोग काय?

आता वाचकांना वाटेल की अपमान इथं संपला. अनिमेष धावत आला. "सर, घोळ झाला. फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटायला पाहिजे, त्याशिवाय समिती धरत नाही. इथं रेंज नाही, मघापासून ठिकाणच येईना. दगडावर जाऊन काढावा लागेल."

"कुठल्या दगडावर?"

"रेंजच्या दगडावर. मी तुम्हाला फोन तिथूनच करत होतो."

तेव्हा कुठे मला तो वारा आठवला.

कॉलेजच्या मागे चढणीवर पुरुषभर उंचीचा काळा दगड आहे. वर एका माणसाला उभं राहण्यापुरती सपाट जागा. तिथं रेंज येते आणि वीतभर सरकलं की जाते. सगळी वाडी, सगळं कॉलेज तिथं चढून फोन करतं. दगडाखाली साळूबाईंची चहाची टपरी आहे आणि रांग त्याच लावतात. फेटा, शाल, नारळ आणि फ्लेक्सचं एक टोक सांभाळत मी तिथं पोहोचलो तेव्हा वाडीतल्या एक काकू आणि सात-आठ मुलं आधीच रांगेत होती. हैबतरावांच्या गुंठ्यापायी मुलांची एस.टी. चुकली होती आणि तसं घरी कळवायचं होतं. वैष्णवी त्यांच्यात होती.

"फोटूला किती येळ?" साळूबाईंनी अनिमेषला विचारलं.

"तीन मिनिटं."

"मग हिच्या मागं आन् ह्या काकूंच्या म्होरं. हिला नुस्तं 'यष्टी चुकली' येवढं सांगायचंय. काकूंची लेक चिंचवडला दिलीया, त्या आठ मिंटं घेत्यात. मास्तर, तुमी आदी च्या घ्या."

मी चहा घेतला आणि उगाच विचारलं, "बाई, आधी आला त्याचा नंबर आधी, असं नाही का इथं?"

"न्हाई. तसं लावलं का भांडनं व्हत्यात. ज्याचं 'व्हय-न्हाई'त भागतंय त्यो आदी. लई बोलनारा मागनं. सा वर्सं झाली, कुनी कटकट करत न्हाई."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ज्याचं काम थोडं त्याला आधी सोडलं तर सगळ्यांचं मिळून थांबणं सर्वांत कमी होतं, हे मी खात्यात दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात शिकलो होतो. या बाईंना ते चहाच्या किटलीनं शिकवलं होतं. खिशात खडू होताच. मी दगडाच्या अंगावर लिहू लागलो.

"हे बघा. तीन माणसं. काकू आठ मिनिटं, फोटो तीन, ही मुलगी एक. काकू आधी चढल्या तर फोटो थांबतो आठ आणि ही मुलगी थांबते अकरा. एकूण एकोणीस मिनिटं वाया. आता साळूबाईंच्या पद्धतीनं लावा. मुलगी आधी, तिचं थांबणं शून्य. फोटो थांबतो एक, काकू थांबतात चार. एकूण पाच."

"आयला," एक मुलगा म्हणाला, "एकोनीसचं पाच?"

"तीच माणसं, तेच बोलणं, तोच दगड," मी म्हणालो.

रांग जवळ सरकली. एस.टी. चुकल्यामुळे कुणाला कुठं जायचं नव्हतं, एवढा शांत वर्ग कुठल्या प्राध्यापकाला मिळतो? मी बोलत गेलो. दोन दगड असते तर काय झालं असतं, दर पाच मिनिटांनी येणारं माणूस चार मिनिटांनी येऊ लागलं तर रांग का फुगते, साठ जणांना आठ लाइनी कशा पुरतात. दगडाची एक बाजू भरली तेव्हा मी दुसऱ्या बाजूला गेलो. अनिमेष वर चढून फोटो काढत होता आणि खाली उतरायचं विसरून वरूनच ऐकत उभा होता. काकूंचा नंबर येऊन गेला तरी त्या तिथंच बसल्या होत्या.

मग वैष्णवीनं हात वर केला.

"सर, एक शंका हाय. बारीक कामाची मानसं तर येतच ऱ्हानार. मग ज्याला लई बोलायचंय, त्याचा लंबर कदी लागनार?"

पुस्तकात या शंकेला नाव आहे आणि दोन-तीन उत्तरंही आहेत. मला त्या वेळी एकही आठवलं नाही. मला आठवलं ते रविवारचं चौथं मिनिट, गच्चीवरच्या टाक्या आणि वहिनींच्या दाराला लावलेला माझा कान. ज्याला लई बोलायचंय, त्याचा नंबर कधी लागणार? मी फेटा जरा सैल केला.

उत्तर साळूबाईंनी दिलं. कप विसळता विसळता म्हणाल्या, "त्याला मी च्या देते आन् हितं बसिवते. निम्मं मलाच सांगून टाकतंय. मग दगडावर थोडंच ऱ्हातं."

मुलं हसली. मला वाटतं, माझ्या खात्याला हे उत्तर कधी सापडलं नसतं.

सगळे आटपल्यावर साळूबाई मला म्हणाल्या, "मास्तर, आता तुमचा लंबर. चढा."

"मला कुणाला फोन करायचा नाही."

"येवडं डोंगर चढून आला, न्हाई कसं? चढा."

अनिमेषनं हात दिला आणि मी चढलो. मोबाईलवर रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. मी वाट पाहिली. सकाळपासून फोनला रेंज नव्हती, तेव्हा एखादा निरोप, एखादा चुकलेला फोन येईल असं वाटलं. काही आलं नाही. खाली हिरवं खोरं, कडेला फार्महाऊसची लाल कौलं, आणि दगडावर फेटा बांधलेला मी, भरपूर रेंज घेऊन. लावायला एकही नंबर नव्हता. तिकडे निषादकडे तेव्हा मध्यरात्र होती.

"सर," खालून वैष्णवी ओरडली, "तुमचा लंबर सांगा की. मगाशी रेंज न्हाई म्हनून कुनी लावलाच न्हाई, आन् लिवायच्या आदीच तुमी पुसला."

मी वरूनच दहा आकडे सांगितले. मुलांनी ते मोबाईलमध्ये घातले. साळूबाईंनी टपरीच्या फळीवर कोळशानं लिहिले. परतताना अनिमेष म्हणाला, "सर, तो अहवाल बदलायला पाहिजे. 'शंकांचे समाधान केले' हे बरोबर नाही." मी म्हटलं, खरं आहे. व्याख्यात्याचं समाधान विद्यार्थ्यांनी केलं असं लिही. हेल्मेटमुळे त्याला ऐकू आलं नाही.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे नऊला आंघोळ करून फोनसमोर बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. निषाद लवकर कसा, म्हणून उचलला, तर कानात वारा शिरला.

"सर, वैष्णवी बोलतीया. दगडावरनं. आज कॉलेज न्हाई तर रांग न्हाई, साळूमावशी म्हनल्या बोल किती बी."

तिनं आठवडाभर वही घेऊन दगडाखाली बसून नोंदी केल्या होत्या. दोनशे अकरा माणसं, कोण किती थांबलं, कोण किती बोललं. आकडे वाचून दाखवताना ती मधे थांबायची आणि विचारायची, "बरूबर हाय ना सर?" मी वहीत उतरवून घेत होतो. मग तिला सरासरी कशी काढायची आणि सरासरी कधी फसवते ते सांगितलं. मधे साळूबाईंनी दगडाखालूनच ओरडून माझ्या गुडघ्याची चौकशी केली, कारण दगडावरून उतरताना मी तो धरला होता. मला वाटलं होतं कुणी पाहिलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झालेले मी पाहिले. पावणेदहाही पाहिले. चार वर्षांत एकदाही मी ती वेळ चुकवली नव्हती. आता ठेवतो असं म्हणणं अगदी ओठांवर आलं, आणि नाही म्हणालो. माझं अजून सांगून संपलं नव्हतं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना आमचं बोलणं संपलं. फोन खाली ठेवतोय तोच वाजला.

"बाबा? बरे आहात ना? काय झालं?" निषादचा आवाज घाबरलेला होता. "पंचवीस मिनिटं लावतोय. तुमचा फोन सारखा बिझी लागत होता."

मी खिडकीपाशी गेलो. आवाज अगदी स्वच्छ येत होता, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा.

"काय म्हणालास? नीट ऐकू येत नाही रे," मी म्हणालो, "परत सांग."

"तुमचा फोन," तो मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, "बिझी लागत होता, बाबा."

मी त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावलं.